सेटअप उघडत नाही

इंदूर, रविवार, ६ जून २००४

रजतदादा,

तुझा हैदराबादचा पत्ता तुझ्या दोस्ताकडून, निशांतकडून घेतला. त्याने आधी टाळलं, मग दिला. त्याच्यावर रागावू नकोस.

काम आहे म्हणून लिहिते आहे. तुझ्या कपाटात वरच्या फळीवर बुटांच्या खोक्यात गेमच्या सीड्या होत्या, त्यातली 'रिव्हरटाउन' लावायची आहे. नदीकाठी गाव वसवायचं असतं, ती. तुझा जुना कॉम्प्युटर तू गेल्यावर काही दिवसांनी बंदच पडला. आता निशांतने जेल रोडच्या आपल्या दुकानातून नवा जुळवून दिलाय. त्यात विंडोज एक्सपी आहे.

सीडी आत घातली की ती फिरल्याचा आवाज येतो. माय कॉम्प्युटरमध्ये तिचं नावही दिसतं. सेटअपवर क्लिक केलं की वाळूचं घड्याळ येतं, थोडा वेळ थांबतं आणि जातं. पुढे काही नाही. एररसुद्धा येत नाही. एरर आली असती तर तुला लिहून पाठवली असती.

निशांत म्हणाला, "दीदी, विंडोज ९५ च्या जमान्याचा गेम आहे, छोड दो. मी नवा टाकून देतो, एकदम झकास." मला नवा नको आहे. ऑफिसातून आल्यावर थोडा विरंगुळा म्हणून हाच हवा आहे.

घरी फोन करू नकोस. फोन बाबांच्या पलंगाशेजारी असतो. पत्रानेच कळव.

बाकी सगळं ठीक.

सुरभी


इंदूर, २७ जून २००४

रजतदादा,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, नुसत्या टाइप केलेल्या सूचना. तसंच चालेल. सूचना समजल्या.

तू सांगितलंस तसं सेटअप सोडून आधी सीडीवरचं सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करायला घेतलं. अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबलं. यावेळी एरर आली, ती अशी: 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक'. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच थांबलं. मग सीडी उजेडात धरून पाहिली. खालून बारीक ओरखडे आहेत आणि एक लांब आहे, कडेपासून आतपर्यंत. ओल्या कपड्याने पुसली. थाळी पुसतो तशी गोल गोल पुसली, ते बरोबर आहे की नाही माहीत नाही.

एक दुरुस्ती. गेम मला नको आहे, बाबांना हवा आहे. मागच्या पत्रात विरंगुळ्याचं लिहिलं ते खोटं होतं. बाबांचं नाव काढलं तर तू उत्तर देणार नाहीस असं वाटलं.

उन्हाळ्यात मी तुझं कपाट झाडत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. खोक्यात हात घातला, एकेक सीडी काढून बघितली आणि ही माझ्या हातात दिली. "हे लाव," म्हणाले. एवढंच. तू खेळायचास तेव्हा ते मागे पलंगावर बसून सांगायचे ना, "अरे, नदीला लागून घरं नको, पूर येईल." तेच आठवलं असेल. किंवा दुसरं काही. मी विचारलं नाही. आमच्याकडे हल्ली कोणी काही विचारत नाही, त्यामुळे भांडणही होत नाही.

त्यांची छाती वाईट आहे. मिलमध्ये इतकी वर्षं कापसाची धूळ आत गेली, ती आता बाहेर निघते आहे असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे दम्याबद्दल ते असंच बोलतात. रोज दोन्ही वेळा वाफेचं मशीन लावावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत जातात आणि तिथे स्टुलावर बसून मग परत येतात. बंद मिलच्या गेटवर कामगारांची रविवारची मीटिंग असते तिथे आता जात नाहीत.

ओरखड्यांवर काही उपाय असेल तर सांग.

सुरभी


इंदूर, १८ जुलै २००४

दादा,

मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. पुसली. तरीही घरच्या ड्राइव्हने घेतली नाही. मग तू म्हणालास तसं निशांतच्या दुकानात त्याच्या सीडी रायटरमध्ये सगळ्यात कमी स्पीडला लावली. त्याने चहा मागवला. सीडी वाचली जाईपर्यंत तो माझ्याशी बोलत बसला. तू हल्ली दोन खोल्यांच्या घरात राहतोस, एकटाच असतोस आणि स्वतः स्वयंपाक करतोस, हे मला त्याच्याकडून कळलं. मग म्हणाला, "ले दीदी, निघाली. पूरी निघाली. भिया का दिमाग अब भी चलता है." कोऱ्या सीडीवर कॉपी करून दिली.

घरी सेटअपवर राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीमध्ये विंडोज ९५ निवडलं. यावेळी निळा पडदा आला, नदीचं चित्र आलं. बाबा मागे उभे होते. मग त्याने सीरियल नंबर मागितला. तो सीडीच्या डबीवर मागे चिकटवलेला असायचा. डबी नाही. सीडी नुसत्या कागदी पाकिटात होती. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि वाफ घ्यायला गेले.

तो नंबर कुठे मिळेल, असेल तर कळव. नसेल तर हा नाद सोडून देते.

आणखी एक सांगायचं आहे. ते या कामाआधीच सांगायला हवं होतं. मला प्रमोशन आहे, पण जबलपूरला. दोनदा नाही म्हटलं. आता साहेब म्हणतात, तिसऱ्यांदा नाही म्हणालीस तर फाइल बंद. मला आनंद झालेला नाही, वाईटही वाटलेलं नाही. साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली त्यांच्या मुलींचे फोटो आहेत, ते बघत उभी राहिले. त्यांनी दोनदा विचारलं, "सुरभीजी, सुन रही हैं ना?" मी हो म्हणाले.

दिवाळीनंतर रुजू व्हायचं आहे. बाबांना सांगितलेलं नाही. शेजारच्या सखुबाई दोन वेळचा डबा द्यायला तयार आहेत. पण वाफेचं मशीन त्यांना जमत नाही आणि बाबा त्यांच्या हातून लावून घेणार नाहीत.

तू यावंस असं मी म्हणत नाही. काय चाललंय ते फक्त सांगते आहे.

सुरभी


इंदूर, १५ ऑगस्ट २००४

दादा,

नंबर बरोबर निघाला. तुला सगळी अक्षरं पाठ कशी, हे मी विचारणार होते. मग आठवलं, त्या वर्षी पावसाळ्यात कॉम्प्युटर सारखा बिघडायचा आणि तू प्रत्येक वेळी गेम पुन्हा टाकायचास. बाबा तुला डबीवरचा नंबर वाचून दाखवायचे. चष्मा कपाळावर ठेवून, डबी डोळ्यांजवळ धरून.

इन्स्टॉल झालं. मध्ये डायरेक्ट-एक्स टाकू का असं विचारलं, तू बजावलं होतंस म्हणून 'नो' दाबलं. सुरू केल्यावर मात्र नदी गुलाबी आणि जमीन जांभळी. बाबा म्हणाले, "होळी आहे का?" गेल्या कित्येक महिन्यांत ते असं काही बोलले नव्हते. मला हसायला हवं होतं. मी २५६ रंगांचा चौकोन शोधत बसले. तो मिळाला, रंग सुधारले. आता दर वेळी 'सीडी घाला' म्हणतं. निशांतने केलेली कॉपी त्याला चालत नाही, मूळचीच लागते. पण सुरू व्हायला तो मूळ सीडीवरचं थोडंच वाचतो, ओरखड्यापर्यंत जात नाही. त्यामुळे चालतं आहे.

आता जे लिहिते ते कॉम्प्युटरबद्दल नाही. वाचायचं नसेल तर इथे थांब.

मंगळवारी मारुतीकाका आले होते. मिलमध्ये बाबांच्या लूमखात्यात होते, उंच, पान खाणारे, ते. बाबांची तब्येत विचारायला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा आत वाफ घेत होते, म्हणून ते माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या दारात बसले. मी चहा ठेवला. ते तुझ्याबद्दल विचारू लागले. तू हैदराबादला आहेस आणि बाबा तुझ्याशी बोलत नाहीत असं मी सांगितलं.

ते म्हणाले, "बेटा, बाबा बोलत नाहीत की तो बोलत नाही?"

मी म्हणाले, दोघंही.

मग त्यांनी सांगितलं. ते तुला माहीत नाही, मलाही नव्हतं. मिल बंद झाल्यावर मशीनं विकायला काढली तेव्हा किंमत ठरवणाऱ्या कंपनीत तू कॉम्प्युटरवर यादी करायच्या नोकरीला लागलास. घरी सांगितलं नव्हतंस. बाबा गेटबाहेर सगळ्यांबरोबर बसले होते आणि तू त्या कंपनीच्या साहेबाबरोबर गेटातून बाहेर आलास. तेवढं मला माहीत होतं. त्या संध्याकाळी बाबा घरी येऊन जेवले, तुझ्याकडे बघितलं नाही, आणि तेव्हापासून तुझं नाव घेतलं नाही, हेही आपण दोघांनी पाहिलं. महिनाभरात तू गेलास.

पुढचं मारुतीकाकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेटवर सगळ्यांनी बाबांना घेरलं. "पंत, तुमचाच पोरगा आमच्या लूम विकायला बसलाय." मारुतीकाका स्वतःच पुढे होते, त्यांनी तुला दलाल म्हटलं. बाबा म्हणाले, "मिल त्याने बंद केलेली नाही. पोराला नोकरी मिळाली, त्याने केली. त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही." कोणीतरी म्हणालं, मग कामगारांच्या समितीतून नाव काढून घ्या. बाबांनी घेतलं. त्यानंतर ते दर रविवारी गेटवर जायचे, पण कोणी त्यांच्याजवळ बसायचं नाही. भिंतीच्या टोकाला एकटे बसायचे आणि मीटिंग संपली की उठून यायचे. कित्येक वर्षं.

मी विचारलं, "मग घरी ते दादाशी का बोलले नाहीत?"

मारुतीकाका म्हणाले, "बाहर जो बोलना था बोल दिया, बेटा. घरात बोलायला काही उरलं नसेल."

मला ते पटलं नाही. त्यांनाही पटलं असेल असं वाटत नाही. चहा पिऊन बाबांच्या पलंगाजवळ जाऊन बसले. दोघं पावसापाण्याबद्दल बोलले. जाताना मारुतीकाकांनी बाबांच्या पायाला हात लावला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत.

मी हा विषय बाबांकडे काढलेला नाही. तुला कळवलं. त्याचं काय करायचं ते तू बघ.

सुरभी


इंदूर, २६ सप्टेंबर २००४

दादा,

यावेळच्या कागदावर वर 'सुरभी' लिहिलं होतंस आणि खाली पेनने तुझा फोन नंबर. कागद मी फोनजवळ डायरीखाली ठेवला. बाबांना दाखवला नाही. डायरी ते रोज उचलतात.

अनंत चतुर्दशी आली. बंद पडलेल्या मिलांच्या झाँकी, ते सजवलेले रथ, यंदाही निघणार आहेत, वर्गणी जमते आहे. आपल्या गल्लीतून ढोलाची प्रॅक्टिस ऐकू येते. दरवर्षी बाबा पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे असायचे. यंदा म्हणाले, "धूर असतो, मला नको."

ते आता रोज सकाळी वाफ झाली की गेम लावतात. सगळं स्वतः करतात. सीडी कडेने धरून घालतात, तुझ्यासारखी. त्यांच्या गावात शाळा आहे, दवाखाना आहे, घाट आहे. नदीपासून घरं लांब ठेवली आहेत. कारखाना मात्र बरेच दिवस बांधला नव्हता. मी म्हणाले, "बाबा, लोकांना काम नको का?" म्हणाले, "बघू."

गेल्या आठवड्यात बांधला. दोन दिवस चालला. मग त्यावर लाल खूण आली, चिमणीचा धूर थांबला. आसपासच्या घरांचे दिवे विझत गेले. त्यांनी सगळं करून बघितलं. रस्ता जोडला, वीज जोडली. काही फरक पडला नाही. मी भाजी चिरत होते. त्यांनी मला हाक मारली.

"ही घरं रिकामी झाली. यातली माणसं कुठे जातात?"

मी म्हणाले, "कुठे नाही, बाबा. गेम आहे तो."

"असं कसं? कुठेतरी जात असतील."

"मला माहीत नाही."

त्यांनी एकेका रिकाम्या घरावर क्लिक करून बघितलं. मग म्हणाले, "रजतला माहीत असेल."

त्यांच्या तोंडून तुझं नाव मी किती वर्षांनी ऐकलं ते मोजत नाही. भाजी पुन्हा चिरायला घेतली. हात चालत होते. काही वेळाने बघितलं तर मी दुधी आधीच चिरलेला होता आणि आता त्याची सालं बारीक चिरत होते.

त्याच दिवशी जेवताना मी त्यांना जबलपूरचं सांगितलं. आता सांगितलं नसतं तर राहूनच गेलं असतं. त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली. म्हणाले, "जा." मग म्हणाले, "माझ्यामुळे थांबली होतीस का?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग सांगायचं ना. मला वाटलं तुलाच जायचं नाही."

एवढंच बोलणं झालं. दिवाळीनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं आहे.

कारखाना का बंद पडतो, हे माहीत असेल तर लिही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे.

सुरभी


इंदूर, २४ ऑक्टोबर २००४

दादा,

तू तुझ्या बाजूने जे ऐकलंस ते तुला माहीत आहे. इथे काय झालं ते सांगते.

गेल्या रविवारी मी बाहेर कपडे वाळत घालत होते. आत आले तर बाबा फोन कानाला लावून पलंगावर ताठ बसले होते. डायरीखालचा तुझा कागद गुडघ्यावर. मी दाराशीच थांबले. नंबर फिरवून झाला होता, पलीकडे वाजत असणार. तू उचललास. त्यांनी हॅलो म्हटलं नाही, नाव सांगितलं नाही. म्हणाले, "तो रिव्हरटाउन आहे ना, त्याचा आवाज येत नाही."

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. त्यांनी तो कानापासून काढला नाही. मग म्हणाले, "हो, मीच." मग म्हणाले, "काल येत होता. आज बंद."

तू काय काय विचारत होतास ते मला त्यांच्या उत्तरांवरून कळत होतं. "नाही, खाली घड्याळाजवळच्या स्पीकरवर फुली नाही." "हो, दुसरीकडेही येत नाही." "वायर? बघावी लागेल. वाकलं की दम लागतो." मग तू त्याबद्दल विचारलंस बहुतेक, कारण ते म्हणाले, "दोन वेळा घेतो. मशीन आहे. सुरभी लावते." मग तू कारखान्याचं सांगितलंस. ते नीट ऐकत होते, मान हलवत होते, जसा तू समोर बसला आहेस. "म्हणजे कामाला माणसं लांबून येतात आणि पोचेपर्यंत दिवस संपतो. असं होय. मग घरं जवळ पाहिजेत." मग शेवटी, "सवड असली तर ये. बघून जा. नसली तर राहू दे."

फोन ठेवला. मला म्हणाले, "त्याचा आवाज जाड झालाय." थोड्या वेळाने म्हणाले, "तो जेवायला काय करतो?" मी सांगितलं, घरीच करतो. "भात मोकळा होतो का त्याचा?" मला माहीत नाही असं मी सांगितलं. मग मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तिथे उभी राहिले. रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून थांबले होते.

तू दिवाळीत येतो म्हणालास, असं त्यांनी सखुबाईंना सांगितलं. मला नाही सांगितलं. सखुबाईंनी मला सांगितलं. तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे. मशीन कसं लावायचं ते मी तुला एकदा दाखवीन, कठीण नाही. तू किती दिवस राहणार, मी गेल्यावर पुढे काय, हे तुम्ही दोघं ठरवा. मी त्यात पडणार नाही. माझी बॅग भरायला घेतली आहे.

आता मुख्य गोष्ट. स्पीकरची वायर सैल झाली असेल, तू सांगितल्याप्रमाणे मागे ढकलून बघावी, असं बाबा मला त्या दिवशी म्हणाले. मी कॉम्प्युटरच्या मागे बघितलं. वायर सैल झालेली नव्हती. पूर्ण काढलेली होती आणि नीट गुंडाळून, रबर लावून टेबलाच्या खणात ठेवलेली होती. खण मी उघडला तेव्हा ते बघत होते. मी बंद केला. "बाबा, वायर ठीक आहे, दुसरं काही असेल," असं म्हणाले. ते म्हणाले, "मग त्याला पुन्हा विचारावं लागेल."

आज संध्याकाळी ते पुन्हा फोन करतील. हे पत्र तुला त्यानंतर मिळेल, पण पुढच्या रविवारी परत करतील. तुला सगळं कळलं आहे असं दाखवू नकोस. एक उपाय सांग, तो करून बघायला सांग, आणि पुढचा पुढच्या वेळी.

सुरभी